लाह्या आपल्या, साखरही आपली!



नागपंचमीच्या उरलेल्या ज्वारीच्या लाह्या मऊ पडतात अन् जऊळक्याची पोरं दुकानातली गोड पाकिटं मागतात. तोच खाऊ घरी करा.

सहा वाट्या लाह्या कोरड्या परतून घ्याव्यात. मक्याच्याही चालतील, पण चाऱ्याचा मका नीट फुलत नाही, लाहीचाच घ्यावा. कढईत एक वाटी साखर बिनपाण्याची, मंद आचेवर वितळवावी. तांबूस होताच चमचाभर तूप, चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाक फेसाळून हलका होतो. लगेच लाह्या कालवून तूप लावलेल्या ताटात पसराव्यात.

मात्र जपा! पाणी १०० अंशांना उकळते. हा पाक १६० च्या वर असतो अन् कातडीला चिकटतो. लेकरं चुलीपासून लांबच ठेवा. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

– ऊस विकास अधिकारी