अवतरणांचा स्रोतशोध

अवतरणांचा स्रोतशोध म्हणजे स्मरणात राहिलेले वचन, काव्यपंक्ती किंवा गीत मुळात कोणाचे आहे आणि ते कोठे व केव्हा प्रथम प्रकट झाले, हे लिखित वा ध्वनिमुद्रित पुराव्याच्या आधारे निश्चित करणे होय. लोकांच्या तोंडी असलेले कर्त्याचे नाव हा या शोधाचा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे. चुकीचे नाव रूढ झाल्यास मूळ कर्त्याचे श्रेय हिरावले जाते.

संतकाव्य

मराठी संतकवी अभंगाच्या अखेरच्या चरणात आपली नाममुद्रा गुंफतात. तथापि नामसाम्यामुळे घोटाळा होतो. संत नामदेव (१२७०–१३५०) आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना गाथांमध्ये एकमेकींत मिसळल्या आहेत. अपुरे उद्धृतही दिशाभूल करते. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा प्रसिद्ध अभंग बहुधा तुकारामांच्या उल्लेखापाशीच थांबवला जातो. त्यापुढील चरणात मात्र संत बहिणाबाईंची मुद्रा आहे. सतराव्या शतकातील या बहिणाबाई तुकारामांच्या शिष्या होत. विसाव्या शतकातील खानदेशी कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या.

गद्य वचने

मतभेद असूनही दुसऱ्याच्या बोलण्याच्या हक्काचे रक्षण करण्याची ग्वाही देणारे वचन व्होल्तेर यांच्या नावावर खपते. प्रत्यक्षात ते एव्हलिन बिअ‍ॅट्रिस हॉल यांच्या १९०६ सालच्या व्होल्तेरविषयक पुस्तकातील आहे. हॉल यांनी व्होल्तेर यांच्या वृत्तीचे सार सांगण्यासाठी ते वाक्य योजले होते.

गीते

गायिका गौहर जान यांनी १९०२ साली कोलकात्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारलेले ऐकू येते. त्यामुळे गायिकेची ओळख ध्वनिमुद्रिकेतच टिकली. याउलट, ‘महल’ (१९४९) या हिंदी चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायिलेल्या एका गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले होते. ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजेही लता मंगेशकरच होत.

शोधाची पद्धत

गाथांच्या शेवटी दिलेल्या अकारविल्हे सूचीत बहुधा अभंगांचे आद्य चरण असतात. लक्षात राहते ते मात्र अनेकदा ध्रुपद; म्हणून पंक्ती सूचीत न सापडल्यास ती गाथेत नाही असे ठरत नाही. म्हणी व वाक्प्रचारांसाठी दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उपयुक्त ठरतो. चित्रपटगीतांसाठी तबकडीवरील मजकूर, चित्रपटाची श्रेयनामावली आणि त्या काळी छापलेली गीतपुस्तिका परस्परांशी ताडून पाहतात. आठवणीतील शब्द बदललेले असू शकतात. म्हणून संपूर्ण ओळीऐवजी त्यातील एखाद्या विरळ शब्दावरून शोध घेणे सोयीचे असते. सापडलेल्या उल्लेखांपैकी सर्वांत जुना, कालनिश्चिती झालेला उल्लेख अधिक ग्राह्य मानतात.

मर्यादा

जात्यावरील ओव्यांसारख्या मौखिक रचना पिढ्यान्‌पिढ्या अनेक मुखांनी घडत आल्या आहेत. त्यांना एकच कर्ता शोधून चिकटवण्यापेक्षा ‘पारंपरिक’ असे म्हणून त्या कोणत्या गावी, कोणाकडून व केव्हा ऐकल्या याची नोंद करणे योग्य ठरते.