झुडपी रान, वन व भोवतालचे डोंगर : शालेय भेटीसाठी काही विवेचन

भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून सर्वत्र परिचित आहे. खेड्यातील मुलास तलाव जन्मापासून ठाऊक असतो; पाळीवर तो खेळतो, पाण्यात डुंबतो व तलावाखालच्या बांध्यांत आईवडिलांबरोबर रोवणीही करतो. परंतु तलाव भरतो कशाने, असे विचारले असता बहुतेक मुले ‘पावसाने’ एवढेच उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नव्हे. ते अपुरे आहे. पाऊस तलावाच्या पृष्ठभागावर पडतो त्याच्या कितीतरी पट अधिक तो वरच्या डोंगरावर, वनात व झुडपी रानात पडतो आणि तेथून उतरत उतरत तलावात येतो. म्हणून तलावाचा पाठ पाळीपाशी संपत नाही. त्याचा आरंभ डोंगराच्या माथ्यावर होतो. शाळेने वर्षातून एकदा वनाची व डोंगराची भेट योजावी, ती ह्याच कारणासाठी. तिला केवळ करमणुकीची सहल मानू नये.

जिल्ह्यातील डोंगर व त्यांचे खडक

उत्तरेस तुमसर तालुक्यात अंबागडचे डोंगर आहेत. ते सातपुड्याचे फाटे होत. त्यांतील एका टेकडीवर इ. स. १७०० च्या सुमारास बांधलेला अंबागड किल्ला आहे. भंडाऱ्याच्या ईशान्येस कोक्याचे वन लागते. पूर्वेस गायखुरीची डोंगररांग असून तिच्या अंगाखांद्यावर नागझिऱ्याचे वन पसरले आहे. हे वन १९७० साली अभयारण्य झाले, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचा बराचसा भाग तिकडे गेला. तथापि साकोली तालुक्यातील पिटेझरी गावावरून आजही नागझिऱ्यात प्रवेश करता येतो. ‘झिरा’ म्हणजे खडकातून पाझरणारे पाणी. वनाच्या नावातच पाण्याची खूण आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

ह्या डोंगरांचे खडक अतिप्राचीन आहेत. साकोली परिसरातील खडकांच्या एका समूहास भूगर्भशास्त्रज्ञांनी साकोलीचेच नाव दिले आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी ज्या खडकांत आहेत, त्यांस सौसर समूह म्हणतात. मऊ खडक ऊनपावसाने झिजून सखल झाले आणि गारगोटीसारखे कठीण खडक उभे राहिले. तेच आजचे डोंगर होत. पश्चिम महाराष्ट्रातील डोंगर लाव्हारसाच्या थरांचे असल्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. येथील डोंगर तसे दिसत नाहीत, ह्याचे कारण हेच आहे.

कठीण खडकात पाणी सहजासहजी मुरत नाही, ते पृष्ठभागावरून वाहून जाते. ही गोष्ट येथील पूर्वजांनी नेमकी ओळखली. कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी दोन टेकड्यांमधील खिंडी बांधून तलाव केले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी ह्यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे मानले जाते. मालगुजारी १९५० च्या कायद्याने नष्ट झाली आणि असे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच बोलण्यातील ‘मामा’ तलाव झाले. मालगुजारांकडील वनेही त्याच वेळी सरकारकडे आली. तलाव व वन ह्यांचा इतिहास असा एकत्र गुंफलेला आहे.

चार पट्टे

गावाबाहेर पडून डोंगराकडे चालू लागले असता भूमीचे चार पट्टे क्रमाने लागतात. प्रथम धानाच्या बांध्या. त्यांच्या वर तलाव अथवा बोडी. त्याच्याही वर झुडपी रान. आणि शेवटी दाट वन व डोंगराचा उतार. ह्यांतील झुडपी रानाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. मुरमाड जमीन, पळस, बोर, खैर, तरवड ह्यांची खुरटी झाडे, मधून मधून कुसळी गवत, असे त्याचे रूप असते. पाहणारा त्यास पडीक जागा समजतो. वास्तविक गावची गुरे येथेच चरतात, तितर व लावे येथेच घरटी करतात, ससा व खोकड येथेच राहतात. आणि डोंगरावरून वेगाने आलेले पाणी येथेच जरा थबकून, गाळ टाकून पुढे तलावात जाते.

‘झुडपी जंगल’ हा शब्द जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदपत्रांतून आला आहे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत व भंडारा त्यांपैकी एक होय. त्या वनजमिनी की साध्या महसुली जमिनी, हा वाद अनेक वर्षे चालला. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी ह्या वनजमिनीच समजल्या जातील, असा निर्णय दिला. मात्र कित्येक ठिकाणी अशा जमिनींवर पूर्वीच घरे, शाळा, दवाखाने व स्मशानभूमी झाल्या असल्याने, १२ डिसेंबर १९९६ पूर्वी अधिकृतपणे दिलेल्या जागा नियमित करण्याचा मार्गही न्यायालयाने मोकळा ठेवला. आपल्या गावचे झुडपी रान कोठे आहे, हे प्रत्येक शिक्षकाने तलाठ्याकडून समजून घ्यावे. नोंदवहीतील एका शब्दाचा गावाच्या चराईशी व पाण्याशी केवढा संबंध असतो, हे वरच्या वर्गातील मुलांस सहज समजेल.

वनात काय पाहावे

येथील वन पानझडी आहे. साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, सालई व बांबू ही त्यातील नित्य दिसणारी झाडे. एकाच भेटीत पन्नास नावे सांगण्यापेक्षा तीन झाडे पक्की ओळखता येणे अधिक हितकर आहे.

पहिले झाड ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीप्रमाणे चौकटीचौकटींनी फुटलेली असते आणि पानाच्या मागील बाजूस देठाजवळ दोन बारीक ग्रंथी असतात. ऐनाच्या व अर्जुनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसले जातात. हे काम जिल्ह्यातील ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या करीत आली आहेत आणि ह्या धाग्याचे कापड आंधळगाव व मोहाडी येथील कोष्ट्यांनी विणले आहे. वर्गातील एखाद्या मुलाचे घर ह्या व्यवसायात असल्यास त्या दिवशी तोच मुलगा शिक्षक होऊ शकेल.

दुसरे झाड तेंदू. त्याची पाने उन्हाळ्यात तोडून, पुडे बांधून फळीवर नेली जातात व त्यांपासून विडी तयार होते. कित्येक घरांतील वह्यापुस्तकांचा व लग्नकार्याचा खर्च ह्याच थोड्या दिवसांच्या मजुरीतून निघतो.

तिसरे झाड मोह. त्याची फुले रात्री उमलतात व पहाटे गळून पडतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही काही जण आग लावतात. ही आग पुष्कळदा हाताबाहेर जाते. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा म्हणून मानतो, तो ह्याचमुळे. वणव्यात मोठी झाडे बहुधा वाचतात. परंतु वीतभर रोपे, गवतातील अंडी व पाचोळ्याचा थर नष्ट होतो. उघड्या पडलेल्या मातीवर मृगाचा पहिला जोरदार पाऊस आदळतो, माती सुटते व नाल्यावाटे तलावात जाऊन बसते. दरवर्षी थोडा थोडा गाळ साचून तलावाची खोली कमी होते, पाणी कमी पडते आणि शेवटी धान सुकतो. फुले वेचण्यासाठी लावलेली आग अशा रीतीने त्याच घरच्या बांधीपर्यंत येऊन पोहोचते. झाडाखाली झाडून घेणे अथवा जुने लुगडे पसरणे हा साधा उपाय आहे. हे सांगताना मोह वेचणाऱ्या कुटुंबांस दोष देण्याचा सूर लावू नये. त्यांचीच मुले समोर बसलेली असतात, व उपाय घरी नेणारीही तीच असतात.

वन्य प्राणी

वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रे, रानगवा, सांबर, चितळ व नीलगाय हे प्राणी ह्या वनांत आहेत. कोका अभयारण्य २०१३ साली झाले. त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित होऊन कोक्याचाही त्यात समावेश झाला. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ नावाचा नर वाघ २०१३ साली शेते, रस्ते व नद्या ओलांडून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, पवनी तालुक्याला लागून असलेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात येऊन स्थिरावला. एप्रिल २०१६ नंतर तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या प्रवासावरून एक गोष्ट स्पष्ट होते : वाघास एका वनातून दुसऱ्या वनात जाण्यासाठी आडोशाची वाट लागते आणि ही वाट झुडपी रानांतून व नाल्यांच्या काठांवरून जाते. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाने नागझिरा व नवेगाव ह्यांमधील अशा वाटा छेदल्या आहेत. वनालगतच्या गावात वाघाची भीती खरी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. प्राणी केव्हा व कोठून जातो हे जाणणारा मनुष्यच अधिक सुरक्षित असतो, एवढे मुलांस पटवावे.

एक परदेशी उदाहरण

इंग्लंडच्या नैऋत्येस डार्टमूर नावाचा उंच, उघडा माळ आहे. आज तेथे मैलोगणती गवत, झुडपे व ओलसर काळी दलदल दिसते. हजारो वर्षांपूर्वी तेथे झाडी होती. माणसांनी ती तोडली, गुरे व मेंढ्या चारल्या, थंड व ओल्या हवेत जमीन आंबट झाली आणि वन परत आले नाही. विस्टमन्स वुड नावाची खुरट्या ओक वृक्षांची लहानशी राई जुन्या वनाची आठवण म्हणून उरली आहे. आपले हवामान निराळे असल्यामुळे येथे तशी दलदल होणार नाही; परंतु माती वाहून गेलेल्या उतारावर आपोआप वन उगवेल, ह्या भरवशावर कोणी राहू नये, इतका बोध त्यातून घेता येतो.

भेटीची योजना

भेटीस नोव्हेंबर व डिसेंबर हे महिने उत्तम. धानाची कापणी झालेली असते, झाडांवर पाने असतात व नाल्यांत पाणी असते. मोहाच्या दिवसांत अस्वले फुलांसाठी पहाटे येतात; म्हणून त्या काळात मुलांस वनात नेऊ नये. अभयारण्यात पायी हिंडण्यास मनाई असते व प्रवेशासाठी परवानगी लागते. परंतु ह्या पाठासाठी अभयारण्य आवश्यक नाही. गावाजवळचे झुडपी रान व वनाची कड पुरेशी आहे. वनरक्षकास आधी कळवावे, अलीकडे वाघाचा अथवा बिबट्याचा वावर असल्यास भेट पुढे ढकलावी, गावातील एक जाणता मनुष्य बरोबर घ्यावा, मुलांचे गट करावेत व दुपार कलण्यापूर्वी परतावे.

वाटेत दोन कामे अवश्य करावीत. पहिले : उघड्या मुरमावर एक तांब्या पाणी ओतावे व तेवढेच पाणी पाचोळ्याने झाकलेल्या उतारावर ओतावे. कोणते पाणी किती दूर धावले व कोणते गढूळ झाले, हे मुलांनी स्वतः मोजावे. दुसरे : उंच जागी उभे राहून नाला कोठून निघतो व कोणत्या तलावास मिळतो, ह्याचा नकाशा काढावा. चुलबंद नदी अशाच डोंगरांतून निघून वैनगंगेस मिळते, हे त्या वेळी सांगावे.

शाळेत परतल्यावर गणित घ्यावे. एक हेक्टर जमिनीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर पाणी होते. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, असे धरल्यास एका हेक्टरवर १ कोटी ३० लाख लिटर पाणी पडते. त्यातील किती मुरते, किती तलावात येते व किती माती घेऊन येते, हे वरच्या उताराच्या स्थितीवर अवलंबून असते. हा आकडा फळ्यावर मांडल्यानंतर मुलांनी खिडकीतून डोंगराकडे पाहिले, तर भेटीचे सार्थक झाले असे समजावे.