पडद्यावरचा अँथनी

एफ. वाय.ला असताना एका मित्राने सहज विचारले, "तुम्हा ख्रिस्ती लोकांत घरी सगळेच पितात ना?" बिचाऱ्याने सिनेमे पाहिले होते! 'बॉबी'तला (१९७३) ब्रॅगांझा पितो, 'ज्यूली'तला (१९७५) इंजिन ड्रायव्हर पितो आणि 'अमर अकबर अँथनी'तला (१९७७) अँथनी तर गुत्ताच चालवतो.

आमचे घर नगर जिल्ह्यातले. आई लुगडे नेसते, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, रविवारी उपासनेत रेव्हरंड टिळकांची पदे गाते. पडद्यावर तिला ख्रिस्ती म्हणून कोण ओळखणार? प्रेक्षकाला पात्र क्षणात कळावे लागते. म्हणून फ्रॉक, गळ्यात क्रूस, हातात बाटली आणि मोडकी हिंदी.

शिवाय सिनेमा घडतो मुंबईत. तिथल्या वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ. नोटेशन वाचणारी, शिकलेली माणसे. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातील प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचेच नाव आहे. शिष्याने आदराने घेतलेले नाव शोभते मात्र गुत्तेवाल्याला!

सगळेच असे नाही. 'बातों बातों में' (१९७९) मधली माणसे लोकलने कचेरीत जातात, लग्नाची काळजी करतात. आणि 'अनाडी'तली (१९५९) मिसेस डिसा! भाडेकरूवर खेकसणारी, पण जीव लावणारी. या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

तो सिनेमा मी आईला दाखवला. ललिता पवारांना पाहून ती म्हणाली, "अरे, ही बाई तर आपल्या येवल्याकडची ना?"