नव्या अल्बममागचा जुना प्रश्न : गाण्याचा मालक कोण?

रायपूर : इंग्लंडमधील वेकफिल्ड येथील तीन भावांच्या ‘द क्रिब्ज’ या इंडी रॉक संगीतसमूहाचा ‘सेलिंग अ वाइब’ हा नववा अल्बम जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झाला. यापूर्वीचा ‘नाइट नेटवर्क’ हा अल्बम नोव्हेंबर २०२० मध्ये आला होता. दोन दशकांहून अधिक काळ एकत्र वाजवणाऱ्या या त्रयीची वाटचाल छत्तीसगढच्या राजधानीतील गायक-वादकांनी समजून घ्यावी अशी आहे. याचे कारण त्यांच्या संगीतशैलीपेक्षा स्वतःच्याच गाण्यांच्या हक्कांसाठी त्यांना द्याव्या लागलेल्या झुंजीत आहे.

गाणे कोणी लिहिले, कोणी गायिले आणि त्याचे उत्पन्न कोणाच्या खात्यात जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा वेगवेगळी असतात. ध्वनिमुद्रण स्वस्त आणि प्रकाशन सोपे झालेल्या आजच्या काळात हे प्रश्न नव्या कलावंतासमोर पहिल्याच गाण्यापासून उभे राहतात. लोकगीतांची समृद्ध परंपरा लाभलेल्या छत्तीसगढमध्ये तर त्यांना विशेष महत्त्व आहे.

तीन भावांची कहाणी

गॅरी आणि रायन हे जुळे भाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ रॉस जार्मन यांनी २००१ मध्ये ‘द क्रिब्ज’ची स्थापना केली. गॅरी बास गिटार, रायन गिटार आणि रॉस ड्रम वाजवतो. गायनाची बाजू दोघे जुळे भाऊ सांभाळतात. त्यांचा पहिला अल्बम २००४ मध्ये ‘विचिटा रेकॉर्डिंग्ज’ या छोट्या स्वतंत्र कंपनीतर्फे आला. २००७ च्या ‘मेन्स नीड्स, विमेन्स नीड्स, व्हॉटएव्हर’ या अल्बमने त्यांना ब्रिटनमध्ये व्यापक ओळख मिळवून दिली. ‘द स्मिथ्स’ या प्रख्यात समूहाचे गिटारवादक जॉनी मार हे २००८ ते २०११ या काळात त्यांच्यात सामील होते. तो काळ वगळता ही त्रयी कायम राहिली.

‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर राहून, लहान कंपन्यांमार्फत अथवा स्वखर्चाने संगीत प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी तो आरंभी वापरला जाई. पुढे तो एका संगीतशैलीचेही नाव बनला. मात्र स्वतंत्र म्हणवल्या जाणाऱ्या कलावंताकडेही स्वतःच्या गाण्यांचे हक्क असतातच असे नाही, हे या भावांना २०१७ नंतर उमगले.

त्या वर्षी ते आपल्या जुन्या व्यवस्थापनापासून वेगळे झाले. त्यानंतर आपल्या पूर्वीच्या संगीताचे हक्क नेमके कोणाकडे आहेत, हा गुंता त्यांच्यासमोर उभा राहिला. तो सोडवण्यात दीर्घ काळ गेला. नवे संगीत प्रसिद्ध करणे थांबले आणि समूह विसर्जित करण्याचा विचारही त्यांच्या मनात आला. याच काळात ‘फू फायटर्स’ या अमेरिकी समूहाचे प्रमुख डेव्ह ग्रोल यांनी त्यांना आपला लॉस एंजेलिसमधील स्टुडिओ देऊ केला. तेथे त्यांनी ‘नाइट नेटवर्क’ची निर्मिती स्वतःच केली. तीन भाऊ, एकच घर आणि परस्परांवर पूर्ण विश्वास असतानाही कागदपत्रांतील गुंता त्यांना थांबवू शकला, हा या कहाणीचा बोध आहे.

एका गाण्यात किती हक्क?

सामान्य श्रोत्याला गाणे ही एकसंध वस्तू वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात अनेक स्वतंत्र हक्क एकत्र आलेले असतात. भारतात स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती मानली जाते. शब्दांचा हक्क गीतकाराकडे, चालीचा संगीतकाराकडे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याकडे, म्हणजे बहुधा खर्च करणाऱ्या कंपनीकडे असतो. यांखेरीज गायक आणि वादकांना सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क आहेत.

या हक्कांची मुदतही सारखी नाही. शब्द आणि चाल यांवरील हक्क निर्मात्या कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, तर सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा असतो. त्यामुळे एखाद्या गाण्याचे शब्द सर्वांना खुले झालेले असले, तरी त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण खुले झालेले नसते. संत एकनाथांचे भारूड कोणीही गाऊ शकतो. परंतु त्याला आज कोणी नवी चाल दिली आणि ते ध्वनिमुद्रित केले, तर ती चाल आणि ते ध्वनिमुद्रण त्या त्या निर्मात्याचे ठरते.

चाल कागदावर स्वरलिपीत उतरवलेली असली पाहिजे, अशी अट पूर्वी होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती दूर केली. अक्षरओळख वा स्वरलिपीचे ज्ञान नसलेल्या लोककलावंताच्या दृष्टीने ही दुरुस्ती मोलाची आहे.

‘पारंपरिक’ या शब्दाआड

‘दिल्ली-६’ या २००९ मधील चित्रपटातील ‘गेंदा फूल’ हे गीत देशभर गाजले. ए. आर. रहमान यांच्या या ध्वनिफितीत ते रेखा भारद्वाज, श्रद्धा पंडित आणि सुजाता मजुमदार यांनी गायिले. अनेक श्रोत्यांना ते नवे वाटले. परंतु त्याचे मूळ छत्तीसगढी लोकगीतात आहे. रायपूरच्या जोशी भगिनींच्या आवाजात आकाशवाणीवरून ते चित्रपटाच्या कितीतरी आधी या भागातील घराघरांत पोहोचले होते.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पीपली लाइव्ह’ या चित्रपटात ‘चोला माटी के’ हे छत्तीसगढी गीत ऐकू आले. ते गंगाराम साखेत यांनी लिहिले असून संगीत हबीब तन्वीर यांचे आहे. रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेल्या तन्वीर यांनी आपल्या ‘नया थिएटर’ या संस्थेद्वारे छत्तीसगढच्या लोककलावंतांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय रंगमंचावर नेले. चित्रपटात हे गीत त्यांच्या कन्या नगीन तन्वीर यांनी गायिले. येथे गीतकाराचे नाव गाण्यासोबत राहिले. लोकधाटणीच्या प्रत्येक गाण्याचा कर्ता अज्ञात असतोच असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, याचे उदाहरण २०२० मध्ये समोर आले. रॅप गायक बादशाह यांच्या ‘गेंदा फूल’ या नव्या गाण्यात ‘बडोलोकेर बिटी लो’ या बंगाली गीताचा वापर झाला होता. नाव तेच असले तरी छत्तीसगढी गीताशी त्याचा संबंध नव्हता. श्रेयनामावलीत बंगाली गीताचा उल्लेख आरंभी केवळ लोकगीत असा होता. प्रत्यक्षात ते पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील वयोवृद्ध लोककलावंत रतन कहार यांनी रचले होते आणि स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजातील त्याची ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये निघाली होती. समाजमाध्यमांवर हा विषय गाजल्यानंतर बादशाह यांनी कहार यांना पाच लाख रुपये दिले. त्यांना ही रक्कम मिळाली ती कोणत्याही करारामुळे नव्हे, तर लोकांनी आवाज उठवल्यामुळे.

ज्या गीताचा कर्ता खरोखरच अज्ञात आहे आणि जे पिढ्यान्‌पिढ्या गायिले जात आहे, ते सर्वांसाठी खुले असते. अशा गीतांवर समाजाचा सामूहिक हक्क मान्य करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. मात्र कर्ता हयात असेल किंवा त्याच्या निधनाला ६० वर्षे झालेली नसतील, तर ‘पारंपरिक’ हा शब्द लिहून त्याचा हक्क संपुष्टात येत नाही.

कायद्याने दिलेले संरक्षण

दीर्घकाळ भारतात चित्रपटगीतांचे हक्क व्यवहारतः निर्माते आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांकडेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निर्णयाने निर्मात्यांची बाजू बळकट झाली होती. जून २०१२ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने चित्र बदलले. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीचा आग्रहाने पाठपुरावा केला होता. या तरतुदीनुसार गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त अन्य वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाट्यावर त्याला पाणी सोडता येत नाही. चित्रपटाबाहेरील गाण्यांनाही असेच संरक्षण आहे. गायक आणि वादकांनाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क मिळाला, तसेच सादरकर्ता म्हणून नाव दिले जाण्याचा नैतिक हक्क मान्य झाला.

त्याच कायद्यातील आणखी काही तरतुदी नवोदितांना फारशा ठाऊक नसतात. हक्कांचे हस्तांतरण लेखी असणे बंधनकारक आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश नमूद नसेल, तर करार केवळ भारतापुरता धरला जातो. हक्क विकल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. स्वामित्वहक्क कृती निर्माण होताच प्राप्त होतो. नोंदणी सक्तीची नसली, तरी वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

प्रवाही प्रसारणाचा हिशेब

गाणे इंटरनेटवरून ऐकवणाऱ्या सेवांमध्ये दर वेळेला ठरावीक रक्कम मिळते, असा समज आहे. बहुतेक सेवांची पद्धत वेगळी आहे. वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका निधीत जमा होते आणि एकूण श्रवणसंख्येतील वाट्याच्या प्रमाणात ते हक्कधारकांना वाटले जाते. रक्कम आधी हक्कधारकाकडे जाते. कलावंताच्या हाती किती पडते, हे त्याच्या करारावर अवलंबून असते. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यांना ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतून वगळले आहे. लहान भाषांतील नवोदितांना ही अट अधिक जाचक ठरते.

कंपन्यांवरील अवलंबित्व टाळण्याचा एक निराळा प्रयोग दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने केला. ‘पीपली लाइव्ह’मध्येही संगीत देणाऱ्या या जुन्या रॉक समूहाने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधील गाणी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिली. करोलबागेतील ज्या घरात समूहाचा सराव चाले, त्याचा पत्ता हेच अल्बमचे नाव आहे. अर्थात असा निर्णय घेण्यासाठी गाण्यांचे हक्क स्वतःच्या हाती असावे लागतात. जे आपले नाही, ते फुकटही वाटता येत नाही.

प्रकाशनापूर्वीची दक्षता

समूहातील सदस्यांमध्ये शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचा वाटा किती, हे गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वी लेखी ठरवणे ही पहिली पायरी होय. ‘द क्रिब्ज’सारख्या कुटुंबातील समूहालाही ती टाळता येत नाही. दुसरी पायरी म्हणजे वितरकाशी करार करताना तो हक्क विकत घेत आहे की केवळ ठरावीक काळासाठी परवाना घेत आहे, हे तपासणे. परवान्यात मालकी कलावंताकडेच राहते आणि मुदत संपताच गाणे परत मिळते.

गीतकार आणि संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. सभासदत्व घेऊन गाण्यांची नोंद केल्याखेरीज ही रक्कम पोहोचत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक त्याच्या वापराची मोजणी करण्यास मदत करतो. तो मालकीचा पुरावा मात्र नसतो.

लोकगीत नव्याने सादर करणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते. ते गीत कोणाकडून ऐकले, कोणत्या गावात गायिले जाते, कर्ता ठाऊक आहे काय, याची चौकशी करून ती माहिती श्रेयनामावलीत नोंदवणे आवश्यक आहे. आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून आणि वयोवृद्ध गायकांच्या स्मरणातून ही माहिती आजही मिळू शकते. ती पिढी मागे सरेल, तसतसे अनेक गीतकार ‘अज्ञात’ या सदरात जमा होतील आणि त्यांच्या वारसांचा कायदेशीर दावाही त्याबरोबर दुबळा होत जाईल.