'म्हणून' या शब्दाची जबाबदारी

आवाज चढवून मांडलेले मत हा युक्तिवाद नव्हे. युक्तिवादाची दोन अंगे असतात : आधारविधाने व त्यांवरून काढलेला निष्कर्ष. 'म्हणून' हा शब्द त्यांना जोडतो. ती जोड पक्की आहे का, हे तपासणे म्हणजे तर्कशास्त्र.

पावसाने जमीन भिजते. जमीन भिजली आहे. म्हणून पाऊस पडला. ही चूक इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने दाखवून दिली. दोन्ही आधारविधाने सत्य असली तरी हा निष्कर्ष निघत नाही. कोणी सडाही घातला असेल.

दोषी माणूस घाबरतो. हा घाबरला आहे. म्हणून हाच दोषी. चूक तीच, परंतु येथे माणसाची अब्रू जाते. आळ आला की निर्दोषही घाबरतो. म्हणून, वाचकहो, ठपका ठेवण्यापूर्वी आपला 'म्हणून' तपासावा.