कवडीमोल : एका निवाड्याची कहाणी

कोणत्याही भाषेला एखाद्या वस्तूची क्षुद्रता सांगावयाची झाली, म्हणजे ती आपल्या समाजाच्या व्यवहारातील सर्वांत हलके चलन हाती घेते. इंग्रजांनी या कामी पेनीचा चौथा हिस्सा असलेले फार्दिंग वापरले, कधी अंजिराचे फळ, तर कधी घेवड्याचा दाणाही वापरला. मराठीने मात्र समुद्रातून आलेली कवडी उचलली आणि तिच्यावरून 'कवडीमोल', 'कवडीचुंबक', 'फुटक्या कवडीलाही महाग' अशी प्रयोगांची एक सबंध मालिकाच उभी केली. दमडी गेली, पै गेली, १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती येऊन आणाही व्यवहारातून हद्दपार होऊ लागला. तरी 'दीडदमडीचा' माणूस आणि 'सोळा आणे' सत्य ही आपल्या बोलण्यात आजतागायत शाबूत आहेत.

कवडी ही एके काळी खरोखरीच नाणे होती. मालदीव बेटांच्या भोवतालच्या समुद्रात सापडणारे हे शंख गलबतांतून हिंदुस्थानात येत, आणि बंगालसारख्या प्रांतात तर अठराव्या शतकापर्यंत बाजाराची किरकोळ देवघेव त्यांच्यावरच चाले. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'च्या प्रारंभीच्या परिभाषेत वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म असे कोष्टक दिले आहे. म्हणजे एका द्रम्मात १,२८० कवड्या होत. कवडीची किंमत अत्यल्प होती खरी, परंतु ती शून्य नव्हती. तिच्यावाचून कोष्टकाचा आरंभच झाला नसता.

या मूळ अर्थाचा ठसा आजच्या प्रयोगांवरही उमटलेला दिसतो. 'टाकाऊ' किंवा 'कुचकामी' म्हणताना आपण वस्तूच्या अंगच्या गुणांविषयी बोलत असतो. 'फुटकी कवडी नाही' म्हणताना जवळच्या रित्या थैलीविषयी. परंतु 'कवडीमोल' हा शब्द सौद्याविषयी बोलतो. शेतकऱ्याने कांदा कवडीमोलाने विकला असे वर्तमानपत्र लिहिते, तेव्हा कांदा नासका होता असा त्याचा अर्थ कोणीही घेत नाही. त्याच्या श्रमाला बाजाराने न्याय दिला नाही, एवढेच त्यातून ध्वनित होते. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळेत तीच कवडी पूज्य ठरते, आणि उत्तम विरजलेल्या घट्ट दह्याला 'कवडीसारखे दही' म्हणून गौरवताना तीच कवडी उपमान होते. वस्तू एकच, पण तिचा मान ती कोणाच्या हाती आहे यावर ठरतो.

हे तत्त्व किती कठोरपणे माणसांच्या आयुष्यावर लागू होऊ शकते, ते पाहावयाचे असेल तर पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांकडे वळावे. डहाणू तालुक्यातील रानशेत या गावाच्या नावात रान आणि शेत जसे शेजारी नांदतात, तसेच ते तेथील वारली आदिवासी कुटुंबाच्या उपजीविकेतही नांदत आले. परंतु सरकारी दप्तरात रान जंगल खात्याकडे आणि शेत महसूल खात्याकडे गेले, आणि जमिनीची प्रतवारी जिरायत, वरकस, पडीक, पोटखराबा अशा शब्दांनी ठरू लागली. लागवडीस अयोग्य म्हणून पोटखराब्यावर आकार बसत नाही. वरकस जमीन हलक्या प्रतीची मानली जाते. परंतु ज्या माळावर नागली-वरी पिकते, गुरे चरतात आणि शेताच्या राबासाठी पालापाचोळा मिळतो, तो माळ तेथे राहणाऱ्या माणसाच्या हिशेबात खराबा कसा असेल?

त्या माळावरच्या गवताचीच हकीकत पाहा. १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग झाला आणि या मुलखाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. तेथील जनावरांना गवताची नित्य गरज होती, आणि जमीनदार-सावकारांच्या दृष्टीने गवत हा बरकतीचा व्यापार ठरला. ते कापणारा वारली मात्र बहुधा त्याच जमिनीचा पूर्वीचा मालक होता. पावसाळ्यात घेतलेल्या खावटीच्या कर्जापायी जमीन गमावून तो कूळ झाला होता, वेठीला धरला जात होता, आणि लग्नाकरिता कर्ज काढल्यास पतिपत्नी दोघेही 'लग्नगडी' म्हणून सावकाराच्या घरी राबत होती. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने या गुलामगिरीची नोंद सरकारी कागदावर आणली.

पुढे १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली, सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साहाय्याने, वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीचा दर मागितला : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्या काळच्या रुपयात १९२ पै होत्या, तेव्हा हिशेब केला असता पौंडामागे पुरती एक पैही पडत नाही. एवढ्याशा मागणीसाठी संप करणाऱ्या वारल्यांवर त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. पुढे वेठ आणि लग्नगडीची प्रथा या लढ्याने मोडली. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हा इतिहास लिहून ठेवला आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मजुरीच्या दराचा म्हणून ओळखला गेलेला हा लढा माझ्या मते त्याहून मोठा होता. ज्या श्रमांना दुसऱ्याने कवडीमोल ठरविले होते, त्यांचे मोल स्वतः सांगण्याचा हक्क त्यात वारल्यांनी प्रथम बजावला.

डहाणू तालुक्यातील वारल्यांच्या कलेनेही असाच प्रवास केला. लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी जो चौक लिहीत, त्याला बाजारात काही मोल असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. १९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्याचे महत्त्व ओळखले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेखा कागदावर व कापडावर उतरविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौकातील सामर्थ्य आरंभापासूनच पूर्ण होते. पारखणारी दृष्टी मात्र उशिरा आली.

आज 'कवडीमोल' हा शब्द जमिनीच्या संदर्भात पुन्हा ऐकू येतो, कारण महामार्ग, बुलेट ट्रेन आणि वाढवणचे बंदर यांमुळे या परिसराला नवे भाव आले आहेत. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ आहे. हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा कायदा आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ताब्यातील वनजमिनीवरचा हक्क मान्य केला आहे. या कायद्यांच्या मुळाशी एकच अनुभव आहे, तो असा की जेथे एक पक्ष गरजेने वाकलेला आणि दुसरा पक्ष माप हाती घेऊन बसलेला असतो, तेथे ठरलेल्या भावाला किंमत म्हणता येत नाही. म्हणून यापुढे एखादी जमीन, एखादे पीक, एखादे हस्तकौशल्य किंवा एखादा माणूस कवडीमोल असल्याचे कानी आले, तर तो निवाडा कोणी केला आणि ज्याच्याविषयी केला त्याची साक्ष घेतली होती काय, एवढे विचारण्याची सवय आपण सर्वांनी लावून घेतली पाहिजे.