पायजियम : सालीत औषध असलेला आफ्रिकी वृक्ष

पायजियम हा आफ्रिकेच्या डोंगराळ वर्षावनांत वाढणारा सदाहरित वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्रूनस आफ्रिकाना. बदाम, जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी ज्या प्रजातीत मोडतात तीच याची प्रजाती, आणि गुलाबाचे कुल तेच याचेही कुल. फळासाठी मात्र हे झाड कोणी लावत नाही. त्याची सगळी किंमत आहे ती खोडावरच्या काळपट, खडबडीत सालीत. वाढत्या वयात पुरुषांना होणाऱ्या लघवीच्या त्रासावर या सालीच्या अर्कापासून औषध बनते. या औषधामुळे झाडाला युरोपात बाजारपेठ मिळाली आणि त्याच बाजारपेठेमुळे काही जंगलांत ते दिसेनासे होऊ लागले.

एकोणिसाव्या शतकात गुस्टाव मान या वनस्पतिसंग्राहकाने कॅमेरून पर्वताच्या परिसरातून या झाडाचे नमुने गोळा केले. हाच मान पुढे आसामच्या वनखात्यात नोकरीला होता. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी १८६४ मध्ये झाडाचे ‘पायजियम आफ्रिकानम’ असे नामकरण केले. १९६५ मध्ये ते प्रूनस प्रजातीत हलवण्यात आले, पण औषधांच्या व्यापारात जुने नावच टिकून राहिले. केनियातील किकुयू लोक त्याला ‘मुइरी’ म्हणतात, तर इथिओपियाच्या अम्हारिक भाषेत ते ‘तिकुर इंचेत’ आहे.

झाडाची ओळख

पूर्ण वाढलेले झाड साधारणपणे १० ते २५ मीटर उंच असते. दाट जंगलात ते ४० मीटरपर्यंतही जाते. जुन्या खोडाची साल काळपट तपकिरी असून तिला उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्यामुळे खोड चौकटी-चौकटींचे दिसते. पाने एकाआड एक, चकचकीत, गर्द हिरवी आणि कडेला बारीक दातेरी असतात. देठ पुष्कळदा लालसर असतो. पान किंवा ताजी साल चुरगळली की कडू बदामाचा वास येतो. झाडातील सायनाइडयुक्त संयुगे फुटल्यामुळे हा वास येतो. म्हणूनच पाने किंवा बिया चघळून पाहणे सुरक्षित नाही.

फुले लहान, पांढरट व सुवासिक असतात आणि मंजरीत येतात. मधमाश्यांची त्यांवर गर्दी होते. फळ सुमारे एक सेंटिमीटरचे, आडवे पसरट आणि पिकल्यावर लालसर जांभळे ते तपकिरी होणारे असते. गर कडवट असला तरी माकडे आणि तुराको जातीचे पक्षी ही फळे आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात. जंगलातला बीजप्रसार मुख्यतः असाच होतो. कॅमेरूनच्या बामेंडा पठारावर आढळणारा बॅनरमनचा तुराको हा दुर्मिळ पक्षी ज्या डोंगरी वनांच्या आधाराने राहतो, तिथे पायजियम हा महत्त्वाच्या वृक्षांपैकी एक आहे.

पश्चिमेला कॅमेरून, नायजेरिया व बियोको बेटापासून पूर्वेला इथिओपिया, केनिया, युगांडा व टांझानियापर्यंत आणि दक्षिणेला मोझांबिक, दक्षिण आफ्रिका व मादागास्करपर्यंत हे झाड पसरलेले आहे. हा पसारा नकाशावर मोठा दिसतो, पण सलग नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरपेक्षा उंच, थंड आणि ढगाळ डोंगरांवरच ते बहुधा आढळते. सखल, उष्ण प्रदेशाने एकमेकांपासून तोडलेल्या या डोंगरांवर झाडाच्या वेगवेगळ्या वस्त्या झाल्या आहेत. एका डोंगरावरची झाडे संपली तर शेजारच्या डोंगरावरून बी येऊन ती जागा आपोआप भरून निघण्याची शक्यता फार कमी असते.

गावातले उपयोग

औषधाच्या कारखान्यांना या झाडाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या लोकांना त्याचे गुण ठाऊक होते. सालीचा काढा किंवा चूर्ण ताप, हिवताप, छातीतले दुखणे आणि पोटाच्या तक्रारींवर देत. गुरांनाही ते रेचक म्हणून पाजले जाते. वैदूला लागणारी साल मूठ-दोन मूठ. तेवढ्यासाठी खोडाचा छोटा तुकडा काढला तर झाडाला काही होत नसे.

लाकूड जड, कठीण आणि लालसर असते. कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे, खांब, गाड्यांचे भाग आणि पुलांच्या फळ्या यांसाठी ते वापरले जाते. जळणासाठीही ते उत्तम आहे. शेताच्या बांधावर हे झाड वाऱ्याला आडोसा देते आणि मधमाश्यांना फुलोरा पुरवते.

सालीतले औषध

पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून पुरस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट असते. वय वाढेल तशी ती अनेकांमध्ये फुगते. ही वाढ कर्करोगाची नसली तरी मूत्रनलिकेवर दाब येतो. मग लघवीची धार मंदावते, पुन्हा पुन्हा जावे लागते, रात्री झोपमोड होते आणि मूत्राशय पूर्ण रिकामे झाल्यासारखे वाटत नाही. साठी गाठलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये ही वाढ आढळते.

फ्रेंच उद्योजक जाक देबा यांनी १९६६ मध्ये पायजियमच्या सालीच्या अर्काचे या आजारासाठी पेटंट घेतले. पुढे ‘टाडेनान’ या नावाने हे औषध फ्रान्समध्ये आणि अन्य युरोपीय देशांत विकले जाऊ लागले. वाळवलेल्या सालीची पूड करून तिच्यातली स्निग्ध द्रव्ये द्रावकाच्या साहाय्याने वेगळी काढतात. या अर्कात बीटा-सायटोस्टेरॉलसारखी वनस्पतिज स्टेरॉले, अर्सोलिक व ओलियानोलिक आम्लांसारखी ट्रायटर्पीन संयुगे आणि फेरुलिक आम्लाची एस्टरे असतात. सूज कमी होणे आणि ग्रंथीतील पेशींची वाढ मंदावणे हे परिणाम यांच्या एकत्रित कार्यामुळे होतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांवरून मानले जाते. नेहमीची मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम अर्क.

औषधाचा गुण किती, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला. १,५६२ पुरुषांवरील १८ चाचण्या त्यात तपासल्या होत्या. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत अर्क घेणाऱ्यांमध्ये बरे वाटल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. रात्री लघवीला उठण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले, तर धारेचा कमाल वेग २३ टक्क्यांनी वाढला. दुष्परिणाम सौम्य होते आणि मुख्यतः पोटाशी संबंधित होते. मात्र या चाचण्या छोट्या आणि सरासरी दोनच महिने चाललेल्या होत्या. अनेक वर्षे औषध घेतल्यास काय होते, हे त्यांतून कळत नाही.

भारतातही इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांच्या वेष्टनांवर ‘पायजियम’ हे नाव दिसते. लघवीचा त्रास सुरू झाल्यावर अशा गोळ्या परस्पर घेणे धोक्याचे आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगातही हीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला हवी.

बाजार आणि जंगल

सुमारे २,००० किलो ताजी साल वाळवली की १,००० किलो कोरडी साल उरते आणि तिच्यापासून जेमतेम ५ किलो अर्क मिळतो. रोजच्या १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने एवढा अर्क साधारण १३७ रुग्णांना वर्षभर पुरतो. नियम पाळून साल काढली तर एका मोठ्या झाडापासून एका वेळी सरासरी ५५ किलो ताजी साल हाती येते. म्हणजे १३७ रुग्णांच्या एका वर्षाच्या औषधासाठी सुमारे ३६ मोठी झाडे लागतात. मागणी हजारो रुग्णांची असली की जंगलावर किती भार पडतो, हे या आकड्यांतून दिसते.

कॅमेरूनमध्ये १९७० च्या दशकात प्लांटेकाम ही कंपनी मुतेंगेने येथे सालीवर प्रक्रिया करू लागली. सुरुवातीला प्रशिक्षित कामगार ठरलेल्या रीतीने साल काढत. खोडाचे उभे चार भाग कल्पायचे, त्यांतल्या समोरासमोरच्या दोनच भागांची साल जमिनीपासून सुमारे एक मीटरवरून पहिल्या फांदीपर्यंत सोलायची, ३० सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडाच्या झाडाला हात लावायचा नाही आणि उरलेल्या दोन भागांसाठी चार-पाच वर्षांनीच परत यायचे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. दोन बाजू शाबूत असल्या की हा प्रवाह चालू राहतो. आतला कोवळा वाढीचा थर दुखावला नाही, तर सोललेल्या जागी नवी सालही येते.

१९८० च्या दशकात साल गोळा करण्याचे परवाने अनेक ठेकेदारांना मिळाले आणि ही शिस्त मोडली. वजनावर पैसे मिळू लागल्याने खोड चहूबाजूंनी सोलले जाऊ लागले. उंचावरची साल मिळावी म्हणून झाडे आडवी केली गेली. चहूबाजूंनी सोललेल्या झाडाची मुळे उपाशी राहतात आणि ते उभ्या-उभ्या वाळते. फळे देणारी मोठी झाडेच आधी गेल्यामुळे नवी रोपेही घटली. कॅमेरून पर्वत आणि किलुम-इजिमच्या वनांप्रमाणेच मादागास्करमध्येही हेच घडले.

त्यामुळे १९९५ मध्ये हा वृक्ष साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. या तरतुदीनुसार साल किंवा अर्क निर्यात करण्यापूर्वी त्यामुळे जंगलातील झाडांना धोका पोहोचणार नाही, हे त्या देशाला दाखवून द्यावे लागते. पुरेशी खात्री न पटल्याने युरोपीय संघाने २००७ मध्ये कॅमेरूनमधून येणाऱ्या मालाची आयात थांबवली. नंतर झाडांची मोजणी, ठरावीक वनपट्टे आणि वार्षिक मर्यादा यांवर आधारलेल्या योजनेनुसार व्यापार पुन्हा सुरू झाला. कॅमेरून पर्वताच्या उतारावरील मापांजा गावच्या लोकांनी साल काढणाऱ्यांची संघटना उभारून नियमाने साल सोलण्याचे काम हाती घेतले. ज्यांच्या दारातले जंगल आहे त्यांना दाम आणि अधिकार दोन्ही मिळाले, तर झाड राखण्यात त्यांचेच हित असते.

महाराष्ट्रातही अशीच गोष्ट घडली आहे. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांना आधारभूत असलेले द्रव्य सापडल्यावर कोकण आणि पश्चिम घाटातून त्याची चोरटी तोड झाली. सालीत किंवा खोडात औषध असलेल्या रानझाडाला मोठी बाजारपेठ मिळाली की तोड वेगाने वाढते आणि लागवड मात्र मागे राहते.

लागवड

पायजियम रोपवाटिकेत वाढवता येतो. अडचण बियांची आहे. हे बी वाळवले आणि साठवून ठेवले तर काही आठवड्यांतच उगवणक्षमता गमावते. म्हणून पूर्ण पिकलेली, गडद रंगाची फळे झाडावरून किंवा नुकतीच पडलेली असताना गोळा करतात. गर चोळून धुऊन काढतात, बिया सावलीत कोरड्या करतात आणि लगेच पेरतात. वाळू व जंगलातली माती यांच्या ओलसर मिश्रणात, सावलीखाली पेरलेले ताजे बी साधारण एक ते दोन महिन्यांत उगवते. मोठ्या झाडाखाली आपोआप उगवलेली रोपे काळजीपूर्वक काढून पिशवीत लावण्याची पद्धतही अनेक गावांत आहे. कोवळ्या फांद्यांच्या छाटांना मुळे फुटवणाऱ्या संप्रेरकात बुडवून रोपे करता येतात आणि गुटी कलमही बांधता येते.

रोप हातभर उंच झाले की पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात लावतात. निचऱ्याची, सुपीक, डोंगराळ जमीन आणि वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस त्याला मानवतो. लहानपणी थोडी सावली चालते, पण पुढे जोमाने वाढायला उजेड लागतो. गुरांपासून आणि वणव्यापासून रोपांचे रक्षण करावे लागते. कॅमेरूनच्या वायव्य डोंगरात शेतकरी कॉफी, मका आणि घेवड्याच्या पिकात किंवा बांधावर ही झाडे लावतात. नैरोबीतील जागतिक कृषिवनीकरण केंद्राने रोपनिर्मिती आणि निवडीवर बरेच काम केले आहे.

लावलेल्या झाडाची साल काढण्याजोगी व्हायला १२ ते १५ वर्षे लागतात. लहान शेतकऱ्याला इतका काळ थांबणे जड जाते. या काळात मध, खाली घेतलेले पीक आणि छाटणीतले सरपण यांवर त्याचा संसार चालावा लागतो. शिवाय शेतातल्या सालीलाही निर्यातीचे कागदपत्र लागतात. आपली साल स्वतः लावलेल्या झाडांची आहे, हे शेतकऱ्याला सिद्ध करता आले नाही तर ती जंगलातल्या सालीच्या भावात, दलालामार्फतच विकावी लागते. म्हणून शेतावरच्या झाडांची नोंद आणि त्या सालीला योग्य भाव या दोन गोष्टी चांगल्या रोपांइतक्याच आवश्यक आहेत. त्याचबरोबर निरनिराळ्या डोंगरांवरच्या झाडांचे बी वेगवेगळ्या ठिकाणी लावून ठेवले, तर जातीतली विविधताही टिकेल.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा वृक्ष आज ‘असुरक्षित’ गटात आहे. मोठी झाडे जंगलात उभी राहिली, साल दोन बाजूंपुरतीच निघाली आणि मागणीचा वाढता वाटा शेतातून भागला, तर हे औषध रुग्णांना मिळत राहील आणि त्यासाठी झाडही मारावे लागणार नाही.